उणे वीस की त्रेचाळीस? थंडीचा मुलूख आणि वाळवंट यांतून घर निवडताना

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले की जिल्हाभर बातमी होते. एप्रिलमध्ये सांगलीचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही होते. आपल्या हवेची दोन टोकं एवढीच, म्हणून त्यापलीकडचं हवामान आपल्याला अंगानं ठाऊक नसतं. विट्या-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर अमृतसर, जम्मूपासून जोधपूर, बिकानेरपर्यंत दुकानं थाटून आहेत. साताऱ्याच्या गावागावांतले जवान लेह आणि जैसलमेर दोन्ही पाहतात. इंजिनिअर झालेल्या मुलांना कॅनडातल्या टोरांटोची किंवा उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ मिनियापोलिसची नोकरी मिळते, नाहीतर दुबईची किंवा अमेरिकेच्या वाळवंटातल्या फिनिक्सची. मग घरात एकच प्रश्न फिरतो: कडाक्याची थंडी बरी की वाळवंटातला उन्हाळा?

थर्मामीटरच्या दोन आकड्यांची तुलना करून याचं उत्तर सापडत नाही. घर कसं बांधलंय, वीज आणि पाणी कुठून येतं, आणि घरातल्या सर्वांत नाजूक माणसाचा दिवस कसा जातो, यावर ते ठरतं.

शरीर म्हणजे शंभर वॅटचा दिवा

शांत बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. भरभर चालायला लागलं की ती अडीच-तीन पट होते. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं, तर ही उष्णता सतत बाहेर जायला हवी आणि तिचा वेगही बरोबर हवा. फार वेगानं गेली की आपण गारठतो, अडकली की आतून तापतो.

थंडीत ती कमी वेगानं जावी म्हणून वरून कपडे चढवता येतात. हवा ४३ अंशांची असेल तर मात्र उष्णता उलट अंगात शिरते, आणि बाहेर टाकायला एकच वाट उरते: घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर शंभर वॅटचा दिवा साडेसहा तास जळेल एवढी उष्णता तो घेऊन जातो. फक्त तो वाळायला हवा. अंगावरून नुसता ओघळून गेलेला घाम काही कामाचा नाही.

कोरडी उष्णता सोसते म्हणतात, ते कितपत खरं?

तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडवाल्यांना हे विज्ञान पाठ आहे. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा असली की जाळीवरची द्राक्षं दोन आठवड्यांत सुकतात. आभाळ भरून आलं, हवेत दमटपणा वाढला, की ऊन असूनही माल ओलाच राहतो आणि काळा पडायची भीती धरते. घामाचं नेमकं हेच होतं.

हे मोजायची एक पद्धत आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा घ्यायचा. पाणी वाळतं तसा पारा खाली येतो. तो जिथं थांबतो त्याला 'वेट बल्ब तापमान' म्हणतात. घाम गाळून अंगाला जास्तीत जास्त किती गारवा मिळेल, ते हा आकडा सांगतो.

दोन दिवसांची तुलना करू. एका दिवशी ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के: वेट बल्ब येतो २२. दुसऱ्या दिवशी ३६ अंशच, पण आर्द्रता ६५ टक्के: वेट बल्ब ३०. आकड्यानं कमी असलेला दुसरा दिवस शरीराला खूप जड जातो. वेट बल्ब ३५ झाला तर सावलीत, पंख्याखाली, उघड्या अंगानं बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, असं गणित सांगतं. प्रत्यक्ष प्रयोगांत तर तरुण, निरोगी लोकांची शरीरंही ३१च्या आसपासच हार मानू लागली.

म्हणजे 'कोरडी उष्णता सोसते' हे खरं आहे, पण प्रत्येक वाळवंटाची हवा कोरडी नसते. फिनिक्सचा जून आणि बिकानेरचा मे कोरडे असतात. दुबई, अबुधाबी, दोहा वाळवंटात असली तरी समुद्रकाठची आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं आखाताचं पाणीच ३२ अंशांच्या वर तापतं आणि रात्रीचा पाराही ३०च्या घरात राहतो. तिथं रत्नागिरीचा दमटपणा आणि चाळिशीचा पारा एकत्र नांदतात. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे, ती याचसाठी.

कुलरचंही गणित यातूनच निघतं. ४२ अंशांच्या कोरड्या हवेत चांगला वाळ्याचा किंवा मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅडचा कुलर खोलीत २६च्या आसपासची हवा सोडतो. ३६ अंशांच्या दमट हवेत तोच कुलर ३१पर्यंत जेमतेम आणतो आणि वर खोली चिकट करतो. जोधपूरला कुलरवर भागतं, दुबईत भागत नाही. जोधपूरलाही जुलैत पावसाळी वारे आले की भागत नाही.

कोरड्या उष्णतेचा एक दगा वेगळाच आहे. घाम निघता निघता वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. शर्ट कोरडा दिसतो आणि डोकं मात्र ठणकायला लागतं. उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटर पाणी सहज जातं. त्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, गोंधळ, अगदी झटकेही येऊ शकतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावं. चमचा चहाचा, पाच मिलीचा. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंख्याचा भरवसा धरू नये. तो भट्टीची हवा अंगावर मारतो.

थंडी: पारा, वारा आणि वाकळ

जानेवारीत पहाटे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर उभं राहिलं की पारा बारा-तेरा असला तरी दात वाजतात. अंगाभोवतीचा ऊबदार हवेचा पातळ थर वारा सतत उडवून नेतो. थंड देशांत यासाठी वेगळा आकडा जाहीर होतो, त्याला 'विंड चिल' म्हणतात. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० वाटतं. हा आकडा उणे २८च्या खाली गेला की उघडी बोटं, कान, नाक १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात. त्याला हिमदंश म्हणतात. आधी झिणझिण्या येतात, मग दुखायचं थांबतं, आणि थांबलं की लोकांना बरं वाटतं. खरा धोका तिथंच सुरू होतो. बधिर झालेली जागा चोळायची नाही, शेकोटीवर धरायची नाही. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा जागी जाऊन कोमट पाण्यात धरायची आणि डॉक्टर गाठायचा.

विंड चिल फक्त ऊब निर्माण करणाऱ्या शरीराला लागू पडतं. नळाचा पाइप किंवा मोटारीचं इंजिन हवेच्या तापमानाखाली कधीच जात नाही. पारा अधिक दोन असेल, तर वारा कितीही सुटला तरी पाइप गोठणार नाही.

कपड्यांचं शास्त्र आपल्या वाकळीतच आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवले की मध्ये हवा अडकते. ऊब असते त्या अडकलेल्या हवेत, कापड तिला नुसतं धरून ठेवतं. माण-जतच्या धनगरांची घोंगडी भिजली तरी बरीच ऊब धरते, कारण लोकर पाणी पिऊनही पूर्ण चपटी होत नाही. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं आणि ऊब खेचून नेतं. म्हणून बर्फाळ प्रदेशात आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, मधला जाड आणि फुगीर, बाहेरचा वारा अडवणारा. आत सुती बनियन आणि वर एकच महागडं जॅकेट, ही आपल्याकडून जाणाऱ्यांची नेहमीची चूक. दुसरी चूक बुटांची. दोन जाड मोजे घालून घट्ट बूट चढवले की मधली हवाच पिळून निघते आणि पाय जास्त गारठतात. बूट अर्धा-एक नंबर मोठाच घ्यावा. हातमोजेही पाच बोटांचे घेण्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारे जास्त ऊबदार.

पण थंडीनं जास्त माणसं मरतात ना?

हा आक्षेप बरोबर आहे. तेरा देशांतल्या ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्क्यांचा उष्णतेशी जोडला गेला. हा आकडा दाखवून लोक 'मग वाळवंटच बरं' म्हणतात.

तसं म्हणण्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. थंडीचे बहुतेक मृत्यू उणे तीसच्या हिमवादळातले नसतात. बेताच्या थंडीत हळूहळू रक्तदाब चढतो, रक्त दाट होतं, फुप्फुसांचे आजार बळावतात, त्यातून ते होतात. आणि हिवाळ्यात मृत्यूंचं प्रमाण जास्त वाढतं ते स्वीडन-फिनलंडपेक्षा पोर्तुगालसारख्या सौम्य हवेच्या देशात. कारण स्वीडनमधल्या घरांच्या भिंती आणि खिडक्या थंडीसाठी बांधलेल्या असतात, पोर्तुगालमधल्या नसतात.

उलट बाजूनंही तेच दिसतं. टेक्सास उष्ण राज्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथं कडाका पडला आणि वीज गेली. सरकारी हिशेबानं २४६ माणसं गेली. काही गारठून, तर काही बंद घरात ऊब मिळवायला पेटवलेल्या साधनांच्या विषारी धुरानं. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या लिटन गावात ४९.६ अंशांची नोंद झाली. त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ६१९ लोक दगावले आणि त्यातले ९८ टक्के घराच्या आत होते. ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या, एसी नसलेल्या घरांत.

त्यामुळे 'तिथली हवा कशी' याच्या बरोबरीनं 'तिथली घरं कोणत्या हवेसाठी बांधलीत' हेही विचारावं लागतं.

देशातला पेच: अमृतसर की बिकानेर

गलाईवाल्यांच्या घरात हा प्रश्न जास्त खरा आहे, आणि इथं एक गैरसमज दूर करायला हवा. अमृतसर, लुधियाना, जालंधर हे 'थंडीचे' पर्याय नाहीत. मे-जूनमध्ये तिथंही पारा ४५ला टेकतो. तिकडे चुरूसारख्या वाळवंटी गावात उन्हाळा पन्नाशी गाठतो आणि हिवाळ्यातल्या काही रात्री शून्याखाली जातात. १९ मे २०१६ला फलोदीला ५१ अंश झाले, तो देशातला विक्रम. उत्तरेच्या मैदानात दोन्ही टोकं सोसावी लागतात. फरक पडतो तो दमटपणात आणि धुक्यात.

शिवाय आपल्याकडे थंडीसाठी घरं बांधतच नाहीत. एक वीट जाडीची भिंत, संगमरवरी किंवा टाइलची फरशी, खिडक्यांना फटी. जानेवारीत आठवडा-आठवडा धुकं बसलं की अमृतसरच्या खोलीत दिवसाही दहा-बारा अंश असतात. कॅनडातल्या विनिपेगला बाहेर उणे वीस असताना घरात अधिक वीस असतात. घरात बसून थंडी जास्त अमृतसरलाच वाजते. भाड्यानं खोली घेताना दक्षिणेकडे खिडकी असलेली बघा, हिवाळ्याचं तिरपं ऊन तिथूनच आत येतं. वरच्या मजल्यावरची, थेट पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली मात्र दोन्ही ऋतूंत वाईट.

भट्टीच्या कामाला वेगळी काळजी लागते. चांदी ९६२ अंशांना आणि सोनं १०६४ला वितळतं. एवढी आच शेजारी असताना दुकानातला मे महिना बाहेरच्यापेक्षा कितीतरी वाईट असतो. बिकानेरला हे काम पहाटे आणि संध्याकाळी ठेवलेलंच बरं. पंजाबात धोका उलटा. थंडीनं शटर ओढलं, फटी बुजवल्या, की तेजाबाची वाफ आणि भट्टीचा धूर आतच कोंडतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावून झोपणं तर कधीच नको. दर हिवाळ्यात उत्तरेत अशी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. वायू ओळखून वाजणारं छोटं यंत्र मिळतं, ते झोपायच्या खोलीत बसवावं.

बिल कुठं जास्त येतं?

एसीच्या बिलाला आपण सगळेच घाबरतो, त्यामुळे वाळवंट महाग वाटतं. हिशेब करून बघू. समजा, आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला एका घरातून २०० वॅट उष्णता झिरपते. बाहेर उणे २०, आत अधिक २०, फरक ४० अंश. म्हणजे सतत ८ किलोवॅट ऊब पुरवावी लागेल, दिवसाला सुमारे १९० युनिट. वाळवंटात बाहेर ४३, आत २६, फरक १७ अंश. झिरपून येणारी उष्णता ३.४ किलोवॅट. त्यात छतावरचं ऊन, स्वयंपाक, माणसं धरा आणि रात्रीची सूट वजा करा. दिवसाला १०० ते ११० युनिट उष्णता बाहेर फेकावी लागते. एसी उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून नेतो. एक युनिट वीज घेऊन तो अडीच-तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे वीज लागते चाळीसेक युनिट.

म्हणून ऊर्जेच्या हिशेबात कडाक्याची थंडी जास्त भूक लावते. अभियंते हे 'डिग्री-डे'त मोजतात. रोजचं सरासरी तापमान १८ अंशांपासून किती दूर, ते वर्षभर बेरजेला धरायचं. मिनियापोलिसच्या थंडीची बेरीज चार हजारांच्या वर जाते, फिनिक्सच्या उन्हाळ्याची अडीच हजारांच्या वर. पण थंडीच्या देशात ऊब बहुतेक गॅसवर मिळते आणि गॅसचं युनिट विजेच्या युनिटपेक्षा बरंच स्वस्त असतं. म्हणून तिथलं घर घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो उष्णतेच्या साधनाचा: गॅसची भट्टी, हीट पंप (म्हणजे उलटा चालून बाहेरची ऊब आत आणणारा एसी) की साधा विजेचा हीटर? साध्या हीटरचं घर स्वस्त भाड्यात मिळतं आणि जानेवारीच्या बिलात सगळी कसर भरून काढतं.

वीज गेली तर?

माझ्या मते सर्वांत मोठा फरक इथं आहे. नीट बांधलेलं थंड प्रदेशातलं घर वीज गेल्यावर हळूहळू गार होतं. एका खोलीत सगळ्यांनी जमायचं, दारं लावायची, अंगावर थर चढवायचे, म्हणजे रात्र निघते. फक्त गॅसची भट्टीसुद्धा पंख्याच्या विजेवर चालते, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं.

वाळवंटात एसी बंद पडला तर अंगावरून काढायला काही उरत नाही. फिनिक्समध्ये २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३च्या वर होता आणि सलग १६ रात्री तो ३२च्या खाली उतरलाच नाही. रात्र गार झाली तर दिवसभर तापलेलं शरीर सावरतं. तिथं तीच सवलत गेली. त्या वर्षी फिनिक्सच्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एसी होता, पण तो बंद तरी होता किंवा बिघडलेला होता. म्हणून शहर पडताळताना दुपारच्या कमाल आकड्याइतकंच जुलैचं रात्रीचं किमान तापमान बघावं.

कुठं काय बिघडतं

थंडीच्या घरात शत्रू पाणी. गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. बाहेर उणे सातच्या आसपास गेलं की बाहेरच्या भिंतीतले, गॅरेजमधले पाइप धोक्यात येतात. गोठलेला असतो तोवर पाइप गळत नाही, बर्फ वितळल्यावर गळतो. आपल्या लोकांकडून होणारी चूक ठरलेली: डिसेंबरात लग्नाला गावी येताना बिल वाचवायला हीटिंग बंद करून येतात. तसं करू नका. थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारं बटण) १३ अंशांवर ठेवा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी सोडून द्या आणि शेजाऱ्याकडे किल्ली ठेवा. घर दाखवायला आलेल्या माणसाला मुख्य व्हॉल्व कुठं आहे, ते पहिल्या दिवशीच विचारा.

जमीनही गोठते. मिनेसोटात पाया राज्याच्या दक्षिणेकडे साडेतीन फूट आणि उत्तरेकडे पाच फूट खोल न्यावा लागतो. त्याखाली तापमान फारसं हलत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद टिकायची, त्यामागेही जमिनीचा हाच गुण होता.

आतली हवा तर चकित करते. उणे वीसची हवा आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता जेमतेम पाच टक्के उरते. बर्फाळ देशातलं घर आतून वाळवंटापेक्षा कोरडं असतं. नाकातून रक्त येतं, टाचा फुटतात, लहान मुलांचा खोकला हटत नाही. हवा ओलसर करणारं यंत्र लावावं, पण आर्द्रता ३० टक्क्यांपर्यंतच. त्याहून जास्त केली तर खिडक्यांवर पाणी जमून बुरशी धरते.

अंगणातला बर्फ उपसणं हे भारी काम आहे. बैठं काम करणारा पन्नाशीचा माणूस सकाळी उठून थेट फावडं मारायला लागतो, तेव्हा थंडीनं आकसलेल्या रक्तवाहिन्यांवर एकदम ताण येतो. हृदयविकाराचे झटके येतात ते असे. थोडा थोडा, ढकलत काढावा, उचलून फेकू नये.

वाळवंटात शत्रू ऊन आणि धूळ. एसीचा फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बदलावा किंवा धुवावा. उष्णतेनं सर्वांत आधी जातो तो बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर, तोही जुलैच्या संध्याकाळी, मेकॅनिक मिळत नसताना. आखातात एसी घेताना ४६ अंशांवर चाचणी झालेला, 'टी ३' दर्जाचा बघावा. आपल्याकडचे साधे एसी ३५ अंशांच्या हिशेबावर मोजलेले असतात. गाडीची बॅटरी थंडीत दगा देते हे सगळे जाणतात, उणे १८ला तिची ताकद निम्म्याखाली येते. पण तिचं आयुष्य खाते ती उष्णता. फिनिक्समध्ये ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. उन्हात उभ्या बंद गाडीत तासाभरात ५५ अंशांच्या पुढे जातं. मूल झोपलंय म्हणून दोन मिनिटंही आत ठेवू नये.

आणि पाणी. टँकरची वाट बघितलेल्या आटपाडी-माणच्या माणसाला हे सांगायला नको. फिनिक्सची तहान बऱ्याच अंशी कोलोरॅडो नदीच्या कालव्यावर भागते. त्या नदीवर २०२१ मध्ये पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली. २०२३ मध्ये फिनिक्सच्या परिसरात फक्त भूजलावर विसंबलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी थांबवली गेली. पश्चिम राजस्थानात इंदिरा गांधी कालवा आहे, दुबईत समुद्राचं पाणी गोडं करतात. घर घेताना पाणी कुठून येतं आणि किती वर्षांची हमी कागदावर आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

उजेडाचा हिशेब

साताऱ्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा. मिनियापोलिसला तो पावणेनऊ तासांचा, कॅनडातल्या एडमंटनला साडेसातचा. अंधारात कामाला जायचं, अंधारात परतायचं. काहींना यातून खरी उदासी जडते. तिच्याकडे आजार म्हणूनच बघावं. हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात कातडीला जीवनसत्त्व 'ड' बनवता येत नाही आणि सावळ्या वर्णाला मुळात ऊन जास्त लागतं. रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घ्याव्यात. वाळवंटात उजेड भरपूर, पण उन्हाळ्यात तो काचेतूनच बघायचा.

आई-वडील येणार असतील तर

साठीनंतर तहान कमी लागते, घाम उशिरा फुटतो आणि थंडीही उशिरा जाणवते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वाळवंटात पाणी आणखी लवकर कमी होतं. इन्शुलिन उष्णतेनं खराब होतं आणि एकदा गोठलं तरी टाकूनच द्यावं लागतं. आई-बाबांना उत्तरेकडे बोलवायचं तर मेअखेर ते सप्टेंबर, वाळवंटात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यांना कायमचं न्यायचं असेल तर बर्फावर घसरून मोडणारं खुब्याचं हाड आणि दुपारभर बंद दारामागे बसणं, यांतलं काय झेपेल ते त्यांनाच विचारा. गावात रोज झाडाच्या पारावर चार माणसांत बसणाऱ्या वडिलांना दोन्हीकडे चार-पाच महिने कोंडल्यासारखं होतं. ते हिशेबात धरलं जात नाही, आणि धरायला हवं.

हवामान तर बदलतंय, मग आजचे आकडे काय कामाचे?

घर तीस वर्षांसाठी घेतलं जातं, म्हणून शंका रास्त आहे. कॅनडा जगाच्या सरासरीच्या दुपटीनं तापतोय. तिथले हिवाळे सौम्य होतील. पण २०२३ मध्ये तिथं दीड कोटी हेक्टरांवर जंगल जळलं आणि धूर दूरदूरच्या शहरांवर बसला. उत्तरेत घर घेताना आता एसीची सोयही बघावी लागते. वाळवंटाचा उन्हाळा मात्र लांबतच जाणार, त्यात दिलासा देणारी बाजू मला दिसत नाही.

ठरवायचं कसं

मागच्या तीस वर्षांची महिनावार सरासरी हवामान खात्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळते. बारा महिने कागदावर मांडा. प्रत्येक महिन्यापुढे तीन आकडे लिहा: दिवसाचं कमाल, रात्रीचं किमान आणि दवबिंदू. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते, तो आकडा. तो २४च्या वर असेल तर घाम वाळणार नाही असं धरा. मग ज्या महिन्यांत मूल संध्याकाळी बाहेर खेळू शकणार नाही, त्यांवर फुली मारा. मिनियापोलिसला डिसेंबर ते मार्च जातील, पण तिथली मुलं थर चढवून बर्फात खेळतात, म्हणून अर्धीच फुली. फिनिक्सला जून ते सप्टेंबर, पण पहाटे पाचला बाहेर पडता येतं. दुबईत तर पहाटही जाते.

माझा कल विचाराल तर, घर नीट बांधलेलं असेल आणि घरात म्हातारं किंवा आजारी माणूस नसेल, तर उत्तरेची थंडी. तिथं खर्च आधी होतो, पण संकटात हाताशी उपाय राहतात. सांधे धरलेले, दम्याचे, उदासीचे रुग्ण घरात असतील तर कोरडं वाळवंट, पाण्याची हमी पाहून. दमट वाळवंटात कमवायला जावं, घर घेऊ नये.

घर विकत घेण्याआधी एक वर्ष भाड्यानं राहा. भाडं जानेवारी किंवा जुलैत सुरू करा, मे किंवा ऑक्टोबरात नको. मालकाकडून आधीच्या भाडेकरूची त्याच महिन्याची वीज-गॅसची बिलं मागा. खिडकीच्या चौकटीवर हात फिरवा, गार किंवा गरम झोत लागला तर तिथं फट आहे. एसी आणि भट्टीवरची पट्टी वाचून त्यांचं वय लिहून घ्या. पंधरा वर्षांच्या पुढचं यंत्र असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. आणि घर बघायला दुपारी दोनला जा, मग त्याच घराशी पुन्हा रात्री दहाला.